आधी बघू द्या, मग फवारा

परवा रविवारी सकाळी खालच्या मजल्यावरची तिसरीतली पोरगी धापा टाकत दारात आली. "काका, कढीपत्त्यावर पक्ष्याची शी पडलीय आणि ती चालतेय!"

चहा तसाच ठेवून खाली गेलो. ती फुलपाखराची अळी होती. लहानपणी ही अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणून पक्षी तिला खात नाहीत. मोठी झाली की पानासारखी हिरवीगार होते. जरा डिवचली की डोक्यामागून नारिंगी शिंगं काढते आणि उग्र वास सोडते. पोरीने वही आणली, चित्र काढलं, तारीख टाकली. म्हणाली, रोज बघणार.

चार दिवस बघितलं. पाचव्या दिवशी डासांसाठी म्हणून औषध मारणारा माणूस आला आणि कढीपत्ता, जास्वंद, लिंबू सगळं धुऊन गेला. संध्याकाळी झाडाखाली मेलेल्या अळ्या. पोरगी रडली नाही. तिने एवढंच विचारलं, "काका, मग डास मेले का?"

दोघांनी जाऊन बघितलं. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचलेलं, त्यात डासांच्या अळ्या मजेत वळवळत होत्या.

मंडळी, सगळी गोष्ट इथेच आहे. झाडांवर औषध मारून नाहीतर धूर सोडून उडणारे डास मरतील; ताटलीतल्या अळ्या वाचतात आणि आठ-दहा दिवसांत त्यांचेच डास होतात. त्याला उपाय एकच, आठवड्यातून एकदा सगळं पाणी ओतून द्यायचं. डेंग्यूला मीही घाबरतो. पण ती ताटली आमच्यापैकी एकाही मोठ्या माणसाला दिसली नव्हती. दिसली ती बघायची सवय लागलेल्या पोरीला.

तिसरी-चौथीच्या 'परिसर अभ्यासा'त कीटकाला सहा पाय असतात हे आपण सगळ्यांनीच पाठ केलं. पण किती जणांनी मोजले? मृगाचा लाल मखमली किडा आपल्या मावळात पहिल्या पावसाबरोबर निघतो. त्याचे पाय मोजायला लावा. आठ भरतील. म्हणजे तो कीटक नाहीच, कोळ्याच्या नात्यातला. हे ज्या पोराला स्वतः मोजून कळेल, ते आयुष्यभर विसरणार नाही.

राजमाचीचे काजवे बघायला मुंबई-पुण्याहून गाड्यांची रांग लागते. त्याच काजव्याची अळी गोगलगायी खाते, हे आपल्याच पोरांना माहीत नाही. महाराष्ट्राने 2015 साली नीलवंताला राज्य फुलपाखरू केलं, असं करणारं देशातलं पहिलं राज्य. तो नीलवंतही अंडी घालतो लिंबाच्या जातीच्या झाडांवर. म्हणजे आपण ज्यावर औषध मारतो त्यावरच.

मागणी मोठी नाही, पैसेही लागत नाहीत. शाळांनी आठवड्यातला एक तास पोरांना वही-पेन्सिल देऊन आवारात सोडावं. केसाळ सुरवंट आणि गांधीलमाशीला हात लावायचा नाही, एवढं आधी सांगावं. सोसायट्यांनी एक कोपरा बिनफवारणीचा ठेवावा. आणि औषधवाला यायच्या आदल्या दिवशी पोरांनाच साचलेलं पाणी शोधायला लावावं.

आमच्या पोरीने वहीत नवीन पान उघडलंय. वर लिहिलंय, 'ताटली – रिकामी केली.' कढीपत्त्याला नवी पालवी फुटतेय. या वेळी मी आधीच सांगून ठेवलंय, त्या झाडाला हात लावायचा नाही.

तुमच्या सोसायटीत कोण सांगणार?