विजेचा पंखा आणि ‘डायरेक्ट’ दुरुस्ती

ट्रॅक्टरच्या इंजिनापुढील पंखा बहुधा पट्ट्यावर फिरतो. इंजिन चालू असलें कीं पंखाही चालू, म्हणून शेतकऱ्यास त्याची फारशी चिंता करावी लागत नाहीं. दुसऱ्या महायुद्धांतील विलीस जीपचा पंखाही असाच पट्ट्याचा होता. परंतु शेतरस्त्यांवर चालणाऱ्या, चारही चाकांस जोर मिळणाऱ्या आजच्या पुष्कळ गाड्यांत रेडिएटरचा पंखा विजेच्या मोटरीवर फिरतो, व तो केव्हां फिरावयाचा हें पाण्याची उष्णता पाहून सेन्सर ठरवितो. यांत इंधनाची बचत आहे. मात्र पंखा थांबला तर दोष कोठें आहे हें नुसत्या डोळ्यांस दिसत नाहीं. या अडचणीवर कित्येक मिस्त्री जो तोडगा काढतात तो आम्हांस मुळींच पसंत नाहीं. सेन्सर व रिले बाजूस सारून पंख्याची तार एका बटनास जोडावयाची, आणि “डायरेक्ट करून दिलें” म्हणून मोकळें व्हावयाचें, हा तो तोडगा होय.

या मोटरीस बारा व्होल्टवर दहा-वीस अँपियर किंवा त्याहूनही अधिक प्रवाह लागतो. साध्या दिव्याच्या बटनावरून व बारीक तारेंतून तो नेला कीं तार तापते, बटन वितळतें, आणि मध्यें फ्यूज नसल्यास आगीचें भय असतें. शिवाय मूळ दोष जागच्या जागीं राहतो तो राहतोच. घाटांत एकदां बटन दाबण्याचा विसर पडला, म्हणजे ॲल्युमिनियमचें हेड वाकतें, गॅसकेट जाते, आणि एका क्षुल्लक रिलेपायीं ऐन हंगामांत सारें इंजिन उघडावें लागतें.

तेव्हां प्रथम गाडी कोणत्या वेळीं तापते तें पाहावें. वेगानें जातांना वारा रेडिएटरमधून आपोआप वाहतो. म्हणून रस्त्यावर थंड राहणारी गाडी बांधावरून हळू जातांना किंवा उभी असतां तापत असेल, तर संशय पंख्यावर घ्यावा. वेगांतही तापत असेल, तर पाणी कमी असणें, रेडिएटर तुंबणें, थर्मोस्टॅट अडकणें, पाण्याचा पंप नादुरुस्त होणें, हीं कारणें आधीं तपासावीं. पंख्याची मोटर बदलून तेथें कांहीं साधणार नाहीं. गरम रेडिएटरचें झांकण मात्र कदापि उघडूं नये. तसेंच पंख्यांत हात घालण्यापूर्वीं बॅटरीची ऋण तार काढावी, कारण किल्ली बंद असतांही कांहीं गाड्यांचा पंखा एकाएकी सुरू होतो.

ज्या गाडीस हवा थंड करण्याचें यंत्र आहे व पंखा एकच आहे, तेथें एक सोपी परीक्षा आहे. तें यंत्र चालू केल्यावर बहुतेक गाड्यांत पंखा फिरूं लागतो. फिरला, तर मोटर व तिचा फ्यूज शाबूत आहेत असें समजावें. न फिरल्यास फ्यूज पाहावा. जळालेल्या फ्यूजच्या जागीं अधिक अँपियरचा घालणें हा शुद्ध अविचार आहे. काळ्या चिखलानें वा पाचटानें पातें अडकलें, किंवा गोठ्याशेजारीं उभ्या गाडीची तार उंदरांनीं कुरतडली, कीं फ्यूज जातो. तें कारण शोधलेंच पाहिजे. त्यानंतर रिले. त्याच क्रमांकाचा दुसरा रिले लावून पाहावा. रिलेचा ‘टिक्’ आवाज आला म्हणून तो चांगला असें नव्हे. आंतील संपर्क जळलेला असूं शकतो.

सर्वांत फसविणारा दोष म्हणजे गंजलेली अर्थची जोडणी. चिखल-पाण्यांत फिरणाऱ्या गाडीस तो हटकून जडतो. अशा जोडणींतून तपासणीचा लहान दिवा सहज पेटतो, आणि मिस्त्री ‘वीज येत आहे, मोटर गेली’ असा निकाल देतो. नवी मोटरही मग तशीच मंद फिरते! यासाठीं पंखा चालू असतां मोटरीचें अर्थ-टोंक व बॅटरीचें ऋण टोंक यांमध्यें मीटर लावावा. अर्ध्या व्होल्टाहून अधिक दिसल्यास जोडणी सोडवून, चकचकीत घासून, पुन्हा घट्ट आवळावी. याला पैसा जवळजवळ लागत नाहीं, आणि म्हणूनच कीं काय, तें कोणी सुचवीत नाहीं.

सेन्सरची पाळी शेवटीं. जुन्या पद्धतींत पंखा चालू-बंद करणारा दोन तारांचा थर्मो-स्विच असतो. त्याच्या तारा क्षणभर जोडल्यावर पंखा फिरला तर स्विच गेला. परंतु संगणक असलेल्या गाडींतील सेन्सर हा वेगळा प्रकार आहे. उष्णता वाढेल तसा त्याचा विद्युत्-विरोध कमी होतो. त्याच्या तारा कधींही जोडूं नयेत. इंजिन चालू असतां प्लग काढल्यास पुष्कळ गाड्यांत संगणक सावधगिरी म्हणून पंखा पूर्ण वेगानें फिरवितो. तसें झालें, तर पंखा व रिले ठीक आहेत व संशय सेन्सरवर राहतो. या वेळीं फलकावर दोषाचा दिवा लागेल. तो नंतर पुसून घ्यावा.

आमची सूचना अशी कीं, सोसायटीनें फवारणीच्या पंपांबरोबर एक चांगला मीटर व तपासणीचा दिवा खरेदी करून कार्यालयांत ठेवावा, आणि आय. टी. आय. शिकलेल्या एका तरुणाकडे तें काम सोंपवावें. गाडी बाहेर दुरुस्तीस दिली असतां कोणता भाग कोणत्या परीक्षेंत सदोष ठरला हें सभासदानें बिलावर लिहवून घ्यावें, व काढलेला जुना भाग परत मागावा.