आराखडे विकणारी कंपनी आणि 'हंसा'ची पूर्वपीठिका

भारतीय विमानविज्ञानाचा इतिहास सांगताना मोठ्या प्रयोगशाळांची नावे सहज घेतली जातात. कॅलिफोर्नियातील मोहावी येथील एका लहानशा कंपनीचे नाव मात्र क्वचितच निघते. बर्ट रुटान यांच्या 'रुटान एअरक्राफ्ट फॅक्टरी'च्या नावात कारखाना होता. पण ती हौशी मंडळींना विमाने नव्हे, तर विमानांचे आराखडे विकत असे.

१९७६ पासून 'व्हॅरीईझी'चे आणि पुढे 'लाँग-ईझी'चे आराखडे घरोघरी पोहोचले. फोमचे ठोकळे तापलेल्या तारेने कापायचे आणि त्यांवर काचतंतूंचे कापड इपॉक्सीने बसवायचे. महागड्या साच्यांची गरज नाही. पुढचा लहान पंख, म्हणजे कॅनार्ड, मुख्य पंखाच्या आधी स्टॉल होतो. त्यामुळे विमानाचे नाक आपोआप खाली येते आणि मुख्य पंखाची उचल टिकून राहते.

तरीही आराखडा निर्दोष नव्हता. पावसात कॅनार्डची उचल घटून नाक झुकते, असे आढळले. अशा निरीक्षणांची आणि दुरुस्त्यांची माहिती कंपनी 'कॅनार्ड पुशर' या पत्रिकेतून सर्व बांधणाऱ्यांना कळवत असे. पुढे जॉन रॉन्झ यांनी रचलेल्या नव्या पंखछेदाने तो दोष दूर झाला. प्रयोग, चूक, जाहीर कबुली आणि सुधारणा: विज्ञानाची रीत याहून वेगळी नाही.

हे आराखडे बेंगळुरूलाही पोहोचले. तेव्हाच्या नॅशनल एरोनॉटिकल लॅबोरेटरीने १९८० च्या दशकात 'लाँग-ईझी'वर आधारित 'लाइट कॅनार्ड रिसर्च एअरक्राफ्ट' बांधले आणि संमिश्र पदार्थांच्या बांधणीचा अनुभव मिळवला. त्याच संस्थेचे, त्याच प्रकारच्या पदार्थांचे 'हंसा' नोव्हेंबर १९९३ मध्ये उडाले. दुसऱ्याच्या आराखड्यावर हात बसवणे म्हणजे नक्कल नव्हे. ते शिक्षण आहे.

आज देशातील अभियांत्रिकीचे विद्यार्थी पंखाची उचल कागदावर अचूक काढतात. पण काचकापडाचा एक थर तरी स्वतः बसवलेले किती निघतील? यावर सुरक्षिततेचा आक्षेप घेतला जातो आणि तो रास्त आहे. अशा पंखाची ताकद आराखड्यात नव्हे, तर बांधणाऱ्याच्या हातात ठरते. इपॉक्सीचे प्रमाण चुकले किंवा थरात हवा राहिली, तर वरचा थर चढताच दोष झाकला जातो. अमेरिकेत अपघातांच्या दाव्यांचा बोजा वाढत असताना रुटान यांनीही १९८५ मध्ये आराखड्यांची विक्री थांबवली.

परंतु या आक्षेपाचे उत्तर मनाई नव्हे, टप्प्याटप्प्याची तपासणी आहे. अमेरिकी नियमानुसार अशा विमानाचा निम्म्याहून अधिक भाग हौशी व्यक्तीने शिक्षणासाठी किंवा छंदासाठी बांधलेला असावा लागतो. सुरुवातीची चाचणी उड्डाणेही ठरावीक क्षेत्रातच करावी लागतात. भारतात कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईतील गच्चीवर बांधलेले विमान २०१७ मध्ये नोंदले गेले. एका माणसाची जिद्द त्यातून दिसली. मात्र जिद्द ही धोरणाची जागा घेऊ शकत नाही.

सिद्ध झालेला आराखडा, थर झाकण्यापूर्वीची तपासणी आणि चाचणीसाठी मोकळे क्षेत्र एवढे महाविद्यालयांना मिळाले, तर पुढच्या 'हंसा'चे शिल्पकार पदवी घेण्याआधीच घडू लागतील.