पायाखालची स्वदेशी

जागतिक वारसा हे शब्द सातारा जिल्ह्याला नवे नाहीत. २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर कासचे पठार युनेस्कोच्या यादीत गेले आणि जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा दुर्गांबरोबर प्रतापगडही गेला. दोन्ही प्रसंगी जिल्ह्याला झालेला आनंद रास्तच होता. या दोन घटनांच्या दरम्यान, २०१८ साली, त्याच यादीत मुंबईच्या ओव्हल मैदानाभोवतीच्या इमारतींचा समावेश झाला. ती वार्ता मुंबईची, धनिकांच्या वस्तीची म्हणून इकडे वाचली गेली आणि विसरली गेली. वास्तविक तिचा संबंध सातारा-सांगलीच्या कितीतरी घरांशी, शाळांशी आणि वाचनालयांशी आहे, आणि तो अगदी पायाखालचा आहे.

ओव्हलच्या पूर्वेला उच्च न्यायालय आणि विद्यापीठ यांचे गॉथिक मनोरे आहेत. ती परकीय सत्तेने आपल्या वैभवासाठी उभारलेली वास्तुकला. पश्चिमेला, थेट मरीन ड्राइव्हपर्यंत, १९३० नंतरच्या दोन दशकांत उभ्या राहिलेल्या इमारती आहेत. वळणदार सज्जे, उगवत्या सूर्याच्या लोखंडी जाळ्या, सिमेंट-काँक्रीटची सुटसुटीत बांधणी असे त्यांचे रूप. या शैलीला 'आर्ट डेको' म्हणतात. शैलीचे नाव फ्रेंच असले, तरी या वास्तूंमागचा पैसा बव्हंशी भारतीयांचा होता आणि आराखडे काढणारेही बव्हंशी भारतीय होते. गजानन बाबुराव म्हात्रे हे त्यांतील अग्रणी नाव; मरीन ड्राइव्हच्या कोपऱ्यावरची 'सूना महल' आणि ओव्हलसमोरची 'एम्प्रेस कोर्ट' या त्यांच्याच कृती. फोर्टमधील न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्सची इमारत मास्टर, साठे आणि भुता या संस्थेची. तिच्या दर्शनी भागावर शिल्पकार ना. ग. पानसरे यांनी कष्टकरी भारतीय माणसे कोरली. स्वातंत्र्य अजून दशकभर दूर असताना एक संपूर्ण पिढी आधुनिक भारताचे घर कसे असावे याचा विचार करीत होती, असे या इमारती सांगतात.

अशा वास्तूचा जीर्णोद्धार म्हटले की डोळ्यांपुढे येतो तो रंग आणि गिलावा. पण घरात शिरल्यावर पहिली दृष्टी जाते ती जमिनीकडे. त्या काळातील कितीतरी इमारतींचे जिने, व्हरांडे आणि दिवाणखाने रंगीत नक्षीच्या सिमेंट फरशांनी मढविलेले आहेत. एखादी फरशी फुटली, उखडली, तर तिच्या जागी काय बसवायचे? तिथे वास्तुविशारदाचे शास्त्र थांबते आणि नक्षीकाराचे काम सुरू होते. आणि या कामाच्या मुळाशी एक स्वदेशीची कथा आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी उंची फरशी म्हणजे विलायती फरशी असे समीकरण होते. फेरोजशा सिधवा आणि त्यांचे पुतणे रुस्तम सिधवा या पारशी गृहस्थांनी १९२२ साली मुंबईत 'भारत' या नावाने फरशीचा कारखाना सुरू केला. त्यामागे कराचीचे लोकसेवक जमशेट नसरवानजी मेहता यांची प्रेरणा होती. राजकीय स्वातंत्र्याइतकेच आर्थिक स्वातंत्र्य आवश्यक आहे, आणि ते परदेशी मालाच्या तोडीचा माल येथे निघाल्याखेरीज मिळणार नाही, हा मेहतांचा विचार सिधवांनी उचलला. नाव 'भारत' ठेवणे हीसुद्धा १९२२ मध्ये एक भूमिका होती. तंत्र मात्र युरोपातून आलेले होते आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. दुसऱ्याची विद्या शिकून ती आपल्या मातीत रुजविणे हे स्वदेशीच्या व्याख्येत पूर्णपणे बसते.

ही फरशी बनते कशी हे पाहिले म्हणजे नक्षीकाराचे महत्त्व ध्यानात येते. ही छापील वस्तू नव्हे आणि ती भट्टीतही जात नाही. चौकोनी साच्यात धातूच्या पट्ट्यांची जाळी ठेवतात. जाळीच्या प्रत्येक खणात पांढरे सिमेंट, संगमरवराची भुकटी आणि रंग यांचे पातळ मिश्रण हाताने ओततात. मग जाळी अलगद उचलतात. रंग एकमेकांना भिडतात, पण मिसळत नाहीत. वर कोरड्या सिमेंट-रेतीचा थर देऊन यंत्राने प्रचंड दाब देतात आणि नंतर फरशी पाण्यात मुरवितात. रंग वरवरचा नसून काही मिलिमीटर खोल असतो. म्हणूनच तीन पिढ्यांची पावले झिजवूनही फूल पुसले जात नाही. उलट वापराने त्याला झळाळी चढते.

खरी करामत आराखड्यात आहे. एका फरशीवर फुलाचा केवळ चतुर्थांश असतो आणि चार फरश्या जुळल्या की फूल पूर्ण होते. शेजारच्या चार जुळल्या की मधल्या रिकाम्या जागेत दुसरेच एक रूप उमटते, आणि तेही आधी योजावे लागते. खोलीच्या मधल्या भागाची नक्षी वेगळी, कडेची वेगळी आणि कोपऱ्याची त्याहून वेगळी. लुगड्याला जसे अंग आणि काठ, तशी जमिनीलाही. ठिपक्यांची रांगोळी घालणाऱ्या गृहिणीला हे गणित उपजत कळते. वास्तुकलेच्या पदवीधराला ते शिकावे लागते.

पुढे काळ बदलला. आधी संगमरवरी खड्यांच्या मोझॅक लाद्या आल्या, मग सिरॅमिक, मग चकचकीत व्हिट्रिफाइड. नक्षीच्या फरशांची मागणी आटली आणि त्या बनविणारे हातही दुसऱ्या कामाला लागले. जुन्या वास्तू जतन करणारे विशारद तुटलेल्या फरशीला जोड शोधू लागले तेव्हा 'भारत'च्या उरणच्या कारखान्यातून जुने नमुने पुन्हा बाहेर आले. गेल्या काही दशकांत या नक्षी पुन्हा घडू लागल्या आहेत, नव्या आराखड्यांचीही त्यांत भर पडली आहे. २०२२ मध्ये या उद्योगाने शंभरी गाठली. शंभर वर्षांपूर्वीची फरशी आणि तिची आजची जोड एकाच देशात, एकाच नावाखाली निघावी, हे भाग्य फार थोड्या वस्तूंना लाभते.

हे भाग्य लाभले नाही की काय होते, तेही मुंबईत दिसते. चर्चगेट स्थानकासमोरचे इरॉस चित्रपटगृह शोराबजी भेदवार यांनी योजिले आणि ते १९३८ मध्ये उघडले. २०१७ पासून बंद असलेले हे चित्रगृह २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाले. तांबड्या दगडाचे ते देखणे रूप रस्त्यावरून पाहणाऱ्याला परत मिळाले ही समाधानाची गोष्ट आहे. पण बाराशे आसनांचे मूळ प्रेक्षागृह राहिले नाही. त्या जागी आता तीनशेच्या घरातील आसने आहेत. व्यवहारापुढे कोणाचे काही चालत नाही हे मान्य. तरीही बाहेरचा चेहरा राखणे आणि आतले अंग राखणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि दुसरी अधिक कठीण आहे.

बार्सिलोनात गावडी या श्रेष्ठ वास्तुकाराने १९०४ च्या सुमारास एका घरासाठी षट्कोनी फरशी योजिली होती. शंख, समुद्रतारा, शेवाळ अशा सागरी आकृत्यांची ती नक्षी सात फरश्या जुळल्यावर पूर्ण होते. ती एस्कोफेट या तिथल्याच कारखान्याने घडविली आणि पुढे शहराने तीच नक्षी आपल्या मुख्य रस्त्याच्या पदपथावर आणली. आपल्याकडे तमिळनाडूत चेट्टिनाड भागातील आत्तंगुडी गावात आजही काचेच्या तावदानावर रंग ओतून अशा फरश्या घडवितात. हवेल्यांची दुरुस्ती आणि नवी घरे यांवर तेथील कुटुंबे पोसली जातात. कौतुकाने कला जगत नाही, मागणीने जगते.

आता प्रश्न कृष्णाकाठचा. हा भाग स्वदेशी उद्योगाचे माहेरघर आहे. औंध संस्थानाने जागा दिली आणि १९१० मध्ये कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. १९१६ मध्ये कऱ्हाडजवळ ओगले बंधूंचा काचकारखाना उभा राहिला आणि त्यांचा प्रभाकर कंदील घरोघर गेला. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. इरॉस उघडले त्याच १९३८ साली त्यांचे भवानी संग्रहालय औंधच्या डोंगरावर उभे राहिले. स्वदेशी म्हणजे जाडेभरडे, ओबडधोबड, देशासाठी सोसायचे काहीतरी, ही समजूत या माणसांनी कृतीने खोडून काढली. वस्तू टिकाऊ असावी आणि देखणीही असावी, असा त्यांचा आग्रह होता.

त्याच काळात मुंबईची नवी शैली रेल्वेने इकडेही पोहोचली. सातारच्या यादोगोपाळ पेठेत, वाईच्या आळ्यांत, सांगलीच्या गावभागात फिरताना जाळीत उगवता सूर्य असलेला एखादा बंगला आणि आत नक्षीची जमीन अजून दिसते. या जमिनींना सध्या दोन संकटे आहेत. एक पुनर्विकासाचे, वाडा पाडताना सागवान विकले जाते आणि फरशी राडारोड्यात जाते. दुसरे संकट सुस्थितीचे! घरात किंवा संस्थेत चार पैसे आले की पहिला घाव जमिनीवर पडतो. सुवर्णमहोत्सवाच्या निधीतून वाचनालयाचे सभागृह 'अद्ययावत' होते आणि देणगीदाराच्या नावाची पाटी नव्या चकचकीत लादीवर लागते. विशेष हे की २००५ आणि २०१९ च्या महापुरांत पाण्याखाली राहूनही भक्कम उरलेली जमीन माणसे स्वतःच्या हाताने उखडतात.

यावर आक्षेप ठाऊक आहेत. व्हिट्रिफाइड लादी स्वस्त, पुसायला सोपी, आणि बहुधा मोरबीची म्हणजे स्वदेशीच. हे खरेच आहे. नव्या घरात ती बसवणाऱ्याला बोल लावण्याचे कारण नाही. हाताने घडविलेली फरशी महाग पडते, तिला पॉलिश लागते, ती आंबट पदार्थाने डागाळते. पण येथे मुद्दा नव्या घराचा नसून जिथे जमीन आधीच आहे अशा वास्तूचा आहे. दहा फुटक्या फरशांपायी हजार चांगल्या फेकणे हे कोणत्या काटकसरीत बसते? हिशेबनीस मंडळींनी हा प्रश्न एकदा सभेत विचारावा.

करण्यासारखे पुष्कळ आहे आणि त्यातले बरेचसे फुकट आहे. जमीन उखडण्याआधी तिची छायाचित्रे घ्यावीत, काठ आणि कोपरे मोजून कागदावर उतरवावेत. पाडल्या जाणाऱ्या वाड्यातील शाबूत फरश्या शेजारच्या शाळेसाठी किंवा मंदिराच्या ओवरीसाठी जपून ठेवाव्यात. त्या काढता येतात, फक्त गवंड्याला घाई करू देऊ नये. जिल्ह्यातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत धातूकाम शिकणाऱ्या मुलांना पट्ट्यांची जाळी घडविणे अवघड नाही, आणि ज्या गावात मोझॅक लाद्यांचा दाबयंत्रावर चालणारा कारखाना अजून तग धरून आहे, तिथे निम्मी सामग्री तयारच आहे. कमतरता आहे ती आराखडा काढणाऱ्याची. चित्रकला महाविद्यालयांतून दरवर्षी बाहेर पडणाऱ्या मुलामुलींपैकी कितीजणांना कोणी संस्थाचालकाने बोलावून जुनी जमीन दाखविली आहे?

एका खोलीसाठी नवा साचा परवडत नाही, हेही खरे. पण एकाच गावातील वाचनालय, शाळा आणि नाट्यगृह यांच्या विश्वस्तांनी दुरुस्तीची अंदाजपत्रके एकत्र बसून केली, तर साच्याचा खर्च तिघांत विभागला जाईल. येत्या उन्हाळ्याच्या सुटीत कित्येक संस्थांची दुरुस्ती निघेल. निविदा काढण्यापूर्वी सतरंजी उचलून खालची जमीन पाहण्यास अर्धा तास पुरेल.