रकाना अपुरा, आरोपी मात्र नाव

१/ जुलै १९८३. नैर्ऋत्य जर्मनीतील आल्टेनश्टाइग या लहानशा गावात एका ग्रीक गृहस्थाचा विवाह नोंदला गेला. मालिश-उपचार हा त्याचा व्यवसाय. नोंदीत त्याच्या आडनावाचे स्पेलिंग किंचित चुकले होते. आपल्या ग्रीक पासपोर्टवर ते रोमन लिपीत जसे छापले आहे तसे दुरुस्त करावे, एवढीच त्याची विनंती होती. अधिकाऱ्यांनी जन्मदाखल्याचे प्रमाणित भाषांतर पुढे ठेवले आणि ‘ख्रिस्तोस’ या पहिल्या नावाचेही ‘ह्रेस्तोस’ करून टाकले.

२/ हा कोणा कारकुनाचा लहरीपणा नव्हता. नागरी नोंदवह्यांत नावे कशी लिहावीत याविषयी १९७३ मध्ये बर्न येथे झालेला एक आंतरराष्ट्रीय करार जर्मनीने स्वीकारला होता. परक्या लिपीतील नाव अक्षराला अक्षर लावून, ठरलेल्या मानकानुसार उतरवायचे, असा त्याचा दंडक. माणूस स्वतःचे नाव कसे उच्चारतो आणि त्याच्याच देशाने पासपोर्टवर ते कसे छापले आहे, हे प्रश्न त्या दंडकात बसतच नव्हते.

३/ प्रकरण लक्झेंबर्ग येथील युरोपीय न्यायालयात गेले. ३० मार्च १९९३ च्या निकालात न्यायालयाने म्हटले की, लेखनामुळे उच्चार बिघडत असेल आणि गिऱ्हाईक त्याला दुसराच कोणी समजण्याचा धोका असेल, तर असे स्पेलिंग त्याच्यावर लादता येणार नाही. निकाल स्वागतार्ह होता, पण आधार तोकडा होता. न्यायालयाने धंद्याची अडचण पाहिली. ज्याला गिऱ्हाईकच नाही, त्याच्या नावाचे काय, हा प्रश्न उरलाच.

४/ या धाग्याचे म्हणणे थोडक्यात असे : पासपोर्ट अर्ज तपासताना परदेशी नाव ‘विसंगत’ दिसते, तेव्हा बहुधा तपासणाऱ्याच्या फॉर्मचा रकाना अपुरा असतो. नाव ज्या देशाच्या कायद्याने घडले, त्याच कायद्याने ते वाचले पाहिजे. ते आपल्या चौकटीत बसवण्यासाठी कापणे ही पडताळणी नव्हे. ती मोडतोड होय, आणि तिचा भुर्दंड नेहमी अर्जदारच भरतो.

५/ ‘पण आडनाव तर सगळ्यांनाच असते!’ हा समज मुळात तपासून पाहावा. युरोपातही आडनाव अनेक ठिकाणी सरकारी हुकुमाने स्थिरावले. फ्रान्सने २० सप्टेंबर १७९२ रोजी जन्म-विवाह-मृत्यूच्या नोंदी चर्चकडून काढून नगरपालिकांकडे दिल्या. ऑगस्ट १७९४ च्या कायद्याने जन्मनोंदीत नसलेले नाव धारण करण्यास नागरिकांना मनाई केली. नेपोलियनच्या १८११ च्या फर्मानाने नेदरलँड्समधील बिनआडनावाच्या लोकांना आडनाव घेऊन नोंदवणे भाग पडले.

६/ डेन्मार्कमध्ये येन्स नावाच्या माणसाचा मुलगा ‘येन्सन’ असे आणि नातवाच्या पिढीत ते नाव पुन्हा बदले. १८२८ च्या फर्मानाने बाप्तिस्म्याच्या वेळीच कुळाचे नावही द्यावे असे ठरवले. मग बापाचे नाव सांगणारा शब्द हळूहळू गोठला आणि आडनाव झाला. आज ज्याला आपण निसर्गनियम समजतो, तो एका राजाच्या कचेरीची सोय होता.

७/ आइसलँडने उलट वाट धरली. १९२५ च्या कायद्याने तेथे नवी कुलनामे घेण्यावरच बंदी आली. मुलाच्या नावामागे बापाच्या वा आईच्या नावाला जोडून ‘सोन’ आणि मुलीच्या नावामागे ‘डोट्टिर’. परिणामी आई, बाप, मुलगा, मुलगी अशा चौघांची चार वेगळी ‘आडनावे’ असू शकतात. त्यांच्या अर्जांवर ‘कुटुंबाचे नाते संशयास्पद’ असा शेरा मारणारा अधिकारी आइसलँडविषयी काहीच सांगत नाही. तो स्वतःच्या अज्ञानाची नोंद करतो.

८/ आता स्पेन. तेथे प्रत्येकाला दोन आडनावे असतात. परंपरेने पहिले बापाच्या पहिल्या आडनावावरून, दुसरे आईच्या पहिल्या आडनावावरून. विवाहानंतर स्त्री स्वतःचीच आडनावे ठेवते. बेल्जियमच्या प्रथेत मूल बापाचे आडनाव जसेच्या तसे घेई. स्पॅनिश बाप, बेल्जियन आई आणि बेल्जियममध्ये जन्मलेली, दोन्ही देशांचे नागरिकत्व असलेली दोन मुले असतील तर? बेल्जियन दाखल्यात मुलांना बापाची दोन्ही आडनावे मिळाली. स्पॅनिश वकिलातीतील नोंदीत एक बापाचे, एक आईचे.

९/ स्पॅनिश डोळ्यांना बेल्जियन दाखला वाचून ही मुले बापाची भावंडे वाटावीत! पालकांनी दुरुस्ती मागितली, ती नाकारली गेली. कारण काय, तर बेल्जियममध्ये सर्वांचे नाव एकाच रीतीने ठरले पाहिजे. २ ऑक्टोबर २००३ रोजी युरोपीय न्यायालयाने हा युक्तिवाद फेटाळला. ज्यांची परिस्थिती वेगळी आहे त्यांना सरसकट एकाच मापाने मोजणे हाही भेदभावच ठरतो, हे त्या निकालाचे सार.

१०/ तिसरे प्रकरण सर्वांत बोलके. जर्मन नागरिक असलेल्या दांपत्याला १९९८ मध्ये डेन्मार्कमध्ये मूल झाले. डॅनिश कायद्यानुसार त्याला आईबापांचे जोडआडनाव मिळाले. जर्मन कायद्याला जोडआडनाव मान्य नव्हते, म्हणून जर्मन नोंदणी कचेरीने ते लिहिण्यास नकार दिला. परिणाम असा की जन्मदाखल्यावर एक नाव आणि पासपोर्टसाठी दुसरे. १४ ऑक्टोबर २००८ रोजी न्यायालयाने जर्मनीचा नकार अमान्य केला. ते मूल तोवर दहा वर्षांचे झाले होते.

११/ येथे प्रतिपक्षाचा सर्वांत सबळ मुद्दा घेऊ. ‘नाव सैल सोडले तर लबाड माणूस दोन ओळखींनी वावरेल.’ भीती खोटी नाही. बनावट दाखले असतात आणि ते पकडणे हे तपासनिसाचे कर्तव्यच आहे. पण वरील तिन्ही प्रकरणे पुन्हा पाहा. एका माणसाची दोन नावे कोणी केली? अर्जदाराने नव्हे. ती सरकारी कचेऱ्यांनी केली, आणि तीही शिस्तीच्या नावाखाली. लबाडाला हवी असलेली फट प्रामाणिक माणसाच्या कागदात पाडून ठेवायची आणि मग त्यालाच जाब विचारायचा, याला सुरक्षा म्हणत नाहीत.

१२/ ‘आंतरराष्ट्रीय नियमच तसा आहे’ ही सबबही टिकत नाही. यंत्राने वाचायच्या पासपोर्टचे मानक आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना ठरवते. त्यात ‘मुख्य ओळख’ आणि ‘दुय्यम ओळख’ असे दोन भाग आहेत. नावाचा कोणता भाग मुख्य, हे पासपोर्ट देणाऱ्या देशाने ठरवायचे असते. एकच नाव असलेल्या माणसाचे नाव मुख्य भागात लिहायची सोयही आहे. मानक लवचीक आहे. ताठरपणा काउंटरवर येतो.

१३/ हे परक्यांचे दुखणे समजू नये. नोव्हेंबर २०२२ मध्ये संयुक्त अरब अमिरातीने पासपोर्टवर एकच नाव असलेल्या भारतीयांना पर्यटन व भेटीच्या व्हिसावर प्रवेश नाकारण्याचे ठरवले. पुढे पासपोर्टच्या दुसऱ्या पानावर वडिलांचे वा कुळाचे नाव असल्यास चालेल, असा खुलासा झाला. भारतात केवळ एका नावाने जगणारे असंख्य लोक आहेत. त्यांचा गुन्हा एवढाच की त्यांच्या आजोबांना कोणी फर्मान काढून आडनाव घ्यायला लावले नव्हते.

१४/ आणि आपला ‘ज्ञानेश्वर’? मराठी माणूस त्यातील ‘ज्ञ’ रोमन लिपीत ‘डी-एन-वाय-ए’ असा लिहितो, हिंदी भाषक ‘जी-वाय-ए’ असा, आणि विद्वानांचे लिप्यंतर-मानक ‘जे’ला डोक्यावर नागमोडी रेघ असलेला ‘एन’ जोडते. उद्या एखाद्या परदेशी कचेरीने त्या मानकानुसारच नाव उतरवले, तर आपल्या ज्ञानेश्वराचाही ‘ह्रेस्तोस’ होईल. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय नोंदीत स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम आला आहे. त्यांच्या मोठ्या भावंडांच्या दाखल्यात आईचे नाव त्या जागी नाही. परदेशातील तपासनिसाला ती सख्खी भावंडे वाटतील काय?

१५/ मग उपाय काय? तो जुनाच आहे. ८ सप्टेंबर १९८२ रोजी हेग येथे एक करार झाला. एकाच व्यक्तीला वेगवेगळ्या देशांच्या कायद्यांनी वेगवेगळी आडनावे मिळाली असतील, तर तसे प्रमाणित करणारा अधिकृत दाखला तिला द्यावा, अशी त्याची तरतूद. आल्टेनश्टाइगच्या त्या विवाहापूर्वीच ही वाट दाखवलेली होती. ती मोजक्याच देशांनी स्वीकारली.

१६/ तपासनिसाने तीन प्रश्न विचारावेत. ही नोंद कोणत्या देशाच्या, कोणत्या काळातील कायद्याने झाली? त्या कायद्याप्रमाणे हे नाव बरोबर आहे काय? हा दाखला आणि हा अर्ज एकाच माणसाचे आहेत, हे जन्मतारीख, जन्मस्थळ आणि आईबापांची नावे यांतून जुळते काय? तिन्हींची उत्तरे मिळाल्यावर स्पेलिंगचा वा रकान्याचा फरक ही केवळ शेऱ्यात लिहायची बाब उरते. अर्ज नाकारण्याचे ते कारण होऊ शकत नाही.

१७/ नोंदवही माणसासाठी निघाली. माणूस आधी जन्मला, त्याला कोणीतरी हाक मारली आणि मग ती हाक कोणीतरी लिहून ठेवली. हा क्रम विसरणाऱ्या कचेरीला आडनावाचा इतिहास शिकवणे आवश्यक आहे. तोवर परदेशी जाणाऱ्या प्रत्येकाने आपल्या नावाचे सर्व जुने दाखले जपून ठेवावेत, आणि काउंटरवर ‘नाव चुकले आहे’ असे कोणी म्हणाल्यास शांतपणे विचारावे : कोणत्या कायद्याने?