किल्ल्याच्या पायरीवर कुणाचं नाव?

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलात की एक गोष्ट बहुतेक घडेलच. सबमिशन, व्हायवा, मेसची आमटी या सगळ्यातून सुटून तुम्ही जरा कुठे लोळत पडलेले असाल आणि सोसायटीतलं नाहीतर गल्लीतलं चौथी-पाचवीतलं एखादं पोर दारात उभं राहून विचारेल, ‘‘दादा, किल्ला करायला येतोस?’’ किंवा, ‘‘ताई, येतेस का?’’

तुम्ही म्हणाल, ‘‘आलोच पाच मिनिटांत.’’ ती पाच मिनिटं कशी जातात हे तुम्हालाही माहीत आहे आणि आम्हालाही. पोर थोडा वेळ थांबतं, मग निघून जातं. संध्याकाळी त्याचे बाबा बाजारातून प्लॅस्टरचा तयार किल्ला आणतात. रंगवलेला, बुरुज-दरवाजासकट, खोक्यातून काढला की झाला. बाबांनाही दोष देता येत नाही. ऑफिस सुटल्यावर माती कुठून आणायची, आणि आणली तरी ठेवायची कुठे? सोसायटीच्या चकचकीत फरशीवर चिखल केला तर कमिटीचे काका आहेतच! पण त्या पोराच्या सुट्टीतला सगळ्यात मोठा कार्यक्रम दहा मिनिटांत संपला, हेही तितकंच खरं.

हल्ली सुट्टीच्या अभ्यासात मुलांना ‘कृतज्ञता’ही मिळते. ‘तुम्ही कोणाचे आभारी आहात? पाच ओळी लिहा.’ मुलं शहाणी असतात. आई, बाबा, बाई, देव आणि सैनिक असं लिहून मोकळी होतात. यात खोटं काही नाही, पण ते प्रश्नाचं उत्तर असतं. मनातून आलेलं ‘थँक्यू’ वेगळं. ते येण्यासाठी आधी आपलं काहीतरी अडावं लागतं, आणि मातीचा किल्ला करताना पावलोपावली अडतं.

आठवून बघा. दगड-विटा रचून झाल्या की त्यावर टाकायला पोतं लागतं. पोतं किराणावाल्याकडे असतं, आणि ते मागायला जायला धीर लागतो. माती हवी तर शेजारच्या बांधकामावरच्या मुकादमाला विचारावं लागतं किंवा नर्सरीतून आणावी लागते. चाळायला आजीची जुनी चाळण, पाण्यासाठी वॉचमनकाकांकडची पाइप आणि अळीव कुणाच्या तरी आईच्या डब्यातून. तयार किल्ल्याला यातल्या कुणाचीच गरज पडत नाही. म्हणून तो केल्यावर आभार मानावेत असं कुणी उरतही नाही.

मग काम सुरू होतं. आणि इथे दादा-ताईंची खरी गरज असते. मोठे दगड खाली, हलके वर, हे मुलांना एकदा ढासळल्याशिवाय पटत नाही. तेव्हा एकदा ढासळू द्या. चिखल भज्यांच्या पिठाइतका दाट हवा, पातळ झाला तर पोत्यावरून ओघळून जातो. अळीव दिवाळीच्या चार-पाच दिवस आधी पेरावा लागतो, नाहीतर पाडव्याला किल्ला बोडकाच. अळिवाची एक गंमत मुलांना दाखवाच. तो भिजला की बुळबुळीत, चिकट होतो, म्हणून उतारावरही धरून राहतो. मोहरी गडगडत खाली येते. पाणी मगने ओतायचं नाही, हाताने शिंपडायचं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सकाळी हिरवी टोकं दिसली की पोरं दात न घासता खाली धावतात.

किल्ला कोणता करायचा, यावर भांडण होणार. होऊ द्या. 2025च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यातले अकरा महाराष्ट्रात आणि एक तमिळनाडूत, जिंजीचा. म्हणजे निवडायला भरपूर वाव आहे. नुसतं ‘राजगड करूया’ म्हणण्यापेक्षा मुलांना प्रश्न घाला. राजगडाला तीन माच्या आहेत, पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी. मग बालेकिल्ला कुठे येईल? रायगडाचा महादरवाजा दोन बुरुजांच्या आड असा का लपवला, की समोर येईपर्यंत दिसूच नये? सिंधुदुर्ग तर चारी बाजूंनी समुद्रात, मग प्यायला पाणी कुठलं? (आत गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत: दूधबाव, दहीबाव, साखरबाव. नावं ऐकूनच मुलं खूश होतात.) कल्पकता म्हणजे नुसते रंग आणि चकमकी नव्हेत. गडावर माणसं राहणार, मग पाणी, धान्य, दारूगोळा कुठे ठेवाल, हे चिखलात हात घालून सोडवणं ही जास्त मोठी कल्पकता आहे. तुम्ही इंजिनीअरिंगला असाल तर तुम्हालाही थोडं शिकायला मिळेल, राग मानू नका.

एक विनंती मात्र आहे. किल्ला तुम्ही करू नका. स्पर्धेच्या नादात मोठी मुलं सगळं ताब्यात घेतात. थर्मोकोलची तटबंदी, कारंजं, स्पॉटलाइट, मागे स्पीकरवर पोवाडा. बक्षीसही मिळतं. छोटी मंडळी मात्र पाण्याची बादली धरून कडेला उभी असतात आणि ‘हात लावू नको’ ऐकत राहतात. बुरुज वाकडा झाला तर वाकडा राहू द्या. रील करायचं असेल तर करा, पण ते झाल्यावर. आणि त्यात तुमच्या चेहऱ्याआधी त्यांचे हात दिसू द्या.

आता त्या पायरीबद्दल. रायगडावर जगदीश्वराचं देऊळ आहे. रायगड ज्यांच्या देखरेखीखाली बांधला गेला, त्या हिरोजी इंदुलकरांचं नाव त्या देवळाच्या एका पायरीवर कोरलेलं आहे. हिरोजी सेवेसाठी तत्पर आहेत, एवढाच त्याचा आशय. असं सांगतात की, महाराजांनी बक्षीस विचारलं तेव्हा हिरोजींनी फक्त हे मागितलं, म्हणजे देवदर्शनाला येताना महाराजांची पायधूळ त्या नावावर पडेल. ही आख्यायिका कितपत खरी, हे इतिहासाच्या अभ्यासकांवर सोडू. पायरी मात्र खरी आहे. गडावर गेलात तर वाकून बघा, पुष्कळजण न बघताच पुढे जातात.

ही गोष्ट चिखलाने हात माखलेल्या मुलांना सांगा आणि मग विचारा, ‘‘आपल्या किल्ल्याच्या पायरीवर कुणाचं नाव लिहायचं?’’ पहिल्यांदा सगळे स्वतःचं नाव ओरडतील. साहजिक आहे, लिहू द्या. मग कुणीतरी म्हणेल, पोतं दिलेले किराणावाले काका. मग मुकादम. मग त्याचं नाव काय, हे कुणालाच माहीत नाही असं लक्षात येईल, आणि दोघं-तिघं विचारायला पळतील. आम्हाला विचाराल तर सगळ्या सुट्टीतला महत्त्वाचा क्षण हाच. रोज ज्यांच्यासमोरून जातो त्या माणसाला नाव आहे, हे दहाव्या वर्षी कळलेलं बरं. आपल्यातल्या कितीजणांना होस्टेलच्या मेसमध्ये पोळ्या करणाऱ्या मावशींचं नाव माहीत आहे? (आम्हीही हा प्रश्न लिहिताना जरा थांबलो.)

खरं तर हे आपल्याकडे नवीन नाहीच. खंडेनवमीला सुतार करवत पुसून पुजतो, रिक्षावाला रिक्षाला झेंडूची माळ घालतो, शिंपीकाकांचं मशीन त्या दिवशी बंद असतं. दसऱ्याला मुलं एकच्या आकड्यांची सरस्वती काढून पाटी-पुस्तकांवर फूल वाहतात. वसुबारसेला गाय-वासराची पूजा होते आणि बऱ्याच घरांत त्या दिवशी दूध-तूप खात नाहीत. आश्विनातल्या या सगळ्या दिवसांत ‘आभारी आहे’ असं कुणी म्हणत नाही, हात काहीतरी करत असतात. फ्लॅटमध्ये गाय नसते आणि पाटी टॅबवर आली, त्यामुळे हे दिवस मुलांच्या डोळ्यांसमोरून नुसते शुभेच्छांच्या फोटोंसारखे सरकतात. किल्ला अजून टिकून आहे, कारण तो मुलांना स्वतःला करावासा वाटतो. कुणी भाग पाडत नाही.

जागा नसेल तर गॅलरीतल्या कुंडीच्या ताटलीतही किल्ला होतो, एक बुरुज आणि चार मावळे. कमिटीची परवानगी मुलांना मागू दे, तुम्ही फक्त बरोबर उभे राहा आणि शेवटी फरशी आम्ही धुऊन देऊ, असा शब्द द्या. तो पाळा मात्र. पणत्या लावताना मोठ्यांपैकी एकाने तिथेच थांबायचं, आणि फटाके किल्ल्यावर फोडायचे नाहीत. तीन दिवस राबून केलेला बुरुज सुतळी बॉम्बने उडवण्यात काय मजा येते, आम्हाला कधी कळलं नाही.

भाऊबीज झाली की अळीव पिवळा पडतो. तुमच्या परतीच्या गाडीचं तिकीट असतं त्याच्या आदल्या दिवशी किल्ला उतरवा, मुलांना घेऊनच. दगड होते तिथे परत, माती कुंड्यांत, पोतं झटकून, वाळवून किराणावाल्या काकांना. मावळे जुन्या पेपरात गुंडाळून खोक्यात. नावं लिहिलेली पायरी मात्र काय करायची, हे पोरांना ठरवू दे. बहुतेक ती कुणाच्या तरी कपाटात जाईल आणि पुढच्या वर्षी तुम्ही दारात दिसताच बाहेर येईल.