बिलावर नाव कोणाचे?

थकलेल्या ब्रोकरेजच्या तक्रारींची पत्रे गेले काही महिने सतत येत आहेत. पनवेल, विरार, हिंजवडी, वाघोली, नाशिकचा गंगापूर रोड. गाव बदलते, मजकूर तोच. बुकिंग करून दिले, करारनामा नोंदला गेला, बँकेचा पहिला हप्ता बिल्डरच्या खात्यात पडला आणि आता सोर्सिंग मॅनेजर आपला फोन उचलत नाही. काहींचा सोर्सिंग मॅनेजर नोकरी सोडून दुसऱ्या बिल्डरकडे गेला आहे आणि त्याच्या जागी आलेला माणूस म्हणतो, या व्यवहाराची माझ्याकडे नोंदच नाही. या पत्रांतला संताप खरा आहे, आणि तो बिल्डरांच्या कानावर घालणे या मासिकाचे कामच आहे. पण पत्रांना जोडलेले कागद पाहिल्यावर आपल्याच लोकांचा रागही तेवढाच आला. बहुतेकांकडे नेमणूक-पत्र नाही. ग्राहकाला पहिल्यांदा साइटवर नेल्याची सही-तारखेची नोंद नाही. आणि सगळ्यांत गंभीर गोष्ट म्हणजे अनेक व्यवहारांत बिलच दुसऱ्याच्या नावाने गेले आहे.

बिल दुसऱ्याच्या नावाने का जाते, हे धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. त्याबद्दल छापील शब्द मात्र कोणी लिहीत नाही. म्हणून या अंकात लिहितो आहे.

पहिले कारण जीएसटीचे. १ एप्रिल २०१९पासून बांधकाम चालू असलेल्या घरांवर ५ टक्के आणि परवडणाऱ्या घरांवर १ टक्का दर लागू झाला, पण बिल्डरचे इनपुट क्रेडिट गेले. शिवाय ८० टक्के खरेदी आणि सेवा जीएसटी नोंदणी असलेल्यांकडूनच घेण्याची अट आली. ती पाळली नाही तर कमी पडलेल्या रकमेवर बिल्डरला स्वतः कर भरावा लागतो. त्यामुळे मोठ्या बिल्डरांचे लेखा विभाग जीएसटी क्रमांक नसलेल्याचे बिल सहसा घेतच नाहीत. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्या एजंटावर सर्वसाधारणपणे नोंदणीची सक्ती नाही. कायद्याने दिलेली ही सवलतच त्याला बिल्डरच्या दारात अडवते. मग त्याला सांगितले जाते, अमुक मोठ्या चॅनल पार्टनरच्या नावाने बिल लावा, ते आपला हिस्सा कापून बाकीचे तुम्हाला देतील.

दुसरे कारण रेरा क्रमांकाचे, आणि ते अधिक लाजिरवाणे आहे. ज्याची नोंदणी नाही, संपली आहे किंवा स्थगित झाली आहे, तो मित्राचा क्रमांक वापरतो. मित्रही दोन पैशांसाठी देतो.

आता हिशेब मांडू. ८० लाखांचा फ्लॅट आणि २ टक्के ब्रोकरेज म्हणजे १,६०,००० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी २८,८०० रुपये. बिल्डरला या रकमेचे क्रेडिट नाही, म्हणून तो अडून बसतो की दोन टक्के हे जीएसटी धरूनच. आपण मान डोलावतो आणि मूळ ब्रोकरेज १,३५,५९३वर येते. पुढची गोष्ट वेळेची. बिल्डरचा लेखा विभाग म्हणतो, आधी टॅक्स इन्व्हॉइस पाठवा, मग फाइल पुढे सरकेल. इन्व्हॉइस या महिन्यात काढला की मासिक विवरण भरणाऱ्याला पुढच्या महिन्याच्या २० तारखेला २४,४०७ रुपये सरकारजमा करावे लागतात. बिल्डरचे पैसे तोवर आलेले असोत वा नसोत. फाइल मंजुरीला गेली आहे, साहेब बाहेरगावी आहेत, ग्राहकाचा दुसरा हप्ता आल्याशिवाय तुम्ही पात्र ठरत नाही, अशी कारणे ऐकत चार-सहा महिने जातात. मधेच ग्राहकाने बुकिंग रद्द केले तर दिलेली रक्कम पुढच्या बिलातून वळती होते. न आलेल्या पैशांवरचा कर खिशातून भरणारा हा माणूस बिल्डरला बिनव्याजी भांडवल पुरवतो आहे, आणि तेही दुकानाचे भाडे आणि पोर्टलच्या लीडचे पैसे थकवून.

बिल दुसऱ्याच्या नावाने गेले असेल तर तेवढाही दावा हातात राहत नाही. मोठ्या फर्मचा आणि बिल्डरचा दुसऱ्याच एखाद्या प्रकल्पावरून वाद झाला, त्यात बिल्डरने पैसे रोखले, की तुमचे १,३५,००० त्या वादात अडकतात. तुम्ही कोण, असे कोणी विचारले तर दाखवायला व्हॉट्सअॅपवरचे चार संदेश आणि साइटवर ग्राहकासोबत काढलेला फोटो असतो. वसुलीसाठी कोणत्याही दारात जा, तिथे पहिला प्रश्न हाच येणार की बिलावर नाव कोणाचे आहे.

रेरा कायद्याचे कलम ९(५) आपल्यापैकी किती जणांनी काळजीपूर्वक वाचले आहे? एजंटाला मिळालेला नोंदणी क्रमांक त्याने घडवून आणलेल्या प्रत्येक विक्रीत नमूद झाला पाहिजे, असे ते कलम सांगते. आपण त्याकडे बंधन म्हणून पाहतो. माझ्या मते पूर्ण कायद्यात आपल्या बाजूने उभे राहणारे हे एकमेव वाक्य आहे. ज्या नोंदणीकृत करारनाम्यात तुमचा क्रमांक आहे, त्या विक्रीत तुमचा हात नव्हता असे बिल्डरला सहजासहजी म्हणता येणार नाही. दुय्यम निबंधकाच्या दप्तरात गेलेला तो पुरावा आहे. असे असताना आपण तो क्रमांक करारनाम्यात घालण्याचा आग्रह धरत नाही, आणि काही जण तर तो वापरायला देऊन मोकळे होतात.

क्रमांक देणाऱ्यांनी कलम ९, १० आणि ६२ एकत्र वाचावीत. या तरतुदींच्या उल्लंघनाला दिवसाला १०,००० रुपये आणि एकूण घराच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत दंड आहे. वरच्या उदाहरणात ही मर्यादा ४ लाखांवर जाते. म्हणजे १,३५,००० रुपयांच्या ब्रोकरेजपैकी आठ-दहा हजारांच्या हिश्श्यासाठी आपण परक्या माणसाच्या वागण्याची जोखीम अंगावर घेतो. त्याने ग्राहकाला मंजूर नसलेले पार्किंग विकले, टोकन स्वतःच्या खात्यात घेतले, करारनाम्याआधी १० टक्क्यांहून अधिक रक्कम भरायला लावली, तर नोटीस ज्याचा क्रमांक आहे त्याच्या पत्त्यावर येते. हे सगळे घडते आहे, आणि त्याची पत्रेही आमच्याकडे आहेत.

प्रमाणपत्राच्या बाबतीतली चालढकलही आता पुरे झाली. जानेवारी २०२३मध्ये महारेराने प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली तेव्हा अनेकांनी ओरड केली की वीस वर्षे धंदा करणाऱ्याला परीक्षा कसली. मुदत वाढली, १ जानेवारी २०२४ ही अंतिम तारीख आली आणि गेली. त्या वर्षी मे महिन्यात महारेराने सुमारे २०,००० एजंटांची नोंदणी वर्षभरासाठी स्थगित केली. परीक्षा अवघड होती म्हणावे, तर २०२३च्या पहिल्याच परीक्षेत बसलेल्यांपैकी सुमारे ९६ टक्के उत्तीर्ण झाले होते. न बसलेल्यांना कोणी अडवले नव्हते. त्यांतले कितीतरी जण आजही साइटवर ग्राहक घेऊन जातात, आणि क्रमांक तुमच्याआमच्यापैकीच कोणीतरी देतो. ही सोबत्याला मदत आहे असे मी मानत नाही. ज्याने वीस तास बसून प्रशिक्षण घेतले, शुल्क भरले, परीक्षा दिली, त्याच्यावर हा उघड अन्याय आहे.

प्राधिकरणालाही काही सांगायचे आहे. नोंदणी करताना आपण आमच्याकडून आयकर विवरणे घेता, लेटरहेड घेता, रबरी शिक्क्याचा नमुनासुद्धा घेता. व्यक्तीकडून १०,००० आणि संस्थेकडून १ लाख रुपये शुल्क घेता. जाहिरातीत क्यूआर कोड नसेल तर ५०,००० रुपयांपर्यंत दंड करता, आणि खोट्या जाहिरातींना त्यामुळे खरोखर चाप बसला, हे आम्ही मान्य करतो. पण एजंटाच्या मोबदल्याचा विषय कायद्यात जेमतेम व्याख्येपुरता येतो. तो कधी द्यायचा, थकला तर काय, याबद्दल एक ओळ नाही. ज्याच्या प्रत्येक शिक्क्याची नोंद आहे, त्याने विकलेल्या घराच्या करारनाम्यात त्याचे नाव आहे की नाही, हे कोणी तपासत नाही. प्रकल्प नोंदवताना बिल्डरने एजंटांची नावे-पत्ते द्यायची असतात. अनेक प्रकल्पांच्या पानांवर ती यादी रिकामी दिसते, तर त्याच प्रकल्पाच्या सेल्स ऑफिसात चॅनल पार्टनरसाठी स्वतंत्र टेबल मांडलेले असते. महारेराने एवढे करावे: प्रत्येक करारनाम्यात एजंटाचा क्रमांक घातला आहे की नाही ते तपासावे आणि व्यवहार थेट झाला असेल तर बिल्डर आणि ग्राहक या दोघांच्या सहीने तसे लिहून घ्यावे. यासाठी कायदा बदलावा लागत नाही. कलम ९(५) आहे तसे राबवले तरी पुरे.

पासबॅकबद्दल थोडक्यात लिहितो, कारण त्यात चर्चेसारखे काही उरलेले नाही. आपल्या ब्रोकरेजमधली अर्धी रक्कम ग्राहकाला रोखीने परत करून बुकिंग स्वतःच्या नावावर टॅग करून घेणारा एजंट पूर्ण रकमेवरचा कर स्वतः भरतो, जोखीम स्वतः घेतो आणि बाजारात सांगत सुटतो की आमच्या कामाची किंमत निम्मीच आहे. दुसऱ्याने चार वेळा साइट दाखवलेल्या ग्राहकाला शेवटच्या दिवशी फोन करून असे पळवणे याला मी चोरी म्हणतो.

बाजार कुठे चालला आहे ते पाहा. मुलुंड, विलेपार्ले, कोथरूडमध्ये सोसायट्यांचा पुनर्विकास जोरात आहे आणि तिथला खरेदीदार आधी महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचे पान उघडून मग फोन करतो. त्याला कार्पेटचा खरा आकडा माहीत असतो. जमिनीवर दावा चालू आहे का, सीसी कोणत्या मजल्यापर्यंत आली आहे, जुन्या सभासदांची घरे कोणत्या विंगमध्ये आहेत, पार्किंगचे वाटप कसे होणार, हे तो विचारतो. दर आणि फ्लोअर प्लॅन त्याला पोर्टल दाखवते. सीसी वाचून सांगणारा, कर्जाची फाइल बँकेत का अडकली ते शोधणारा, ताब्याच्या वेळी ओसी हातात घेतल्याशिवाय चावी घेऊ नका म्हणून ठामपणे सांगणारा माणूस त्याला हवा आहे. हे काम जाणणाऱ्याला पासबॅक द्यावा लागत नाही. डोंबिवली, सांगली, छत्रपती संभाजीनगरमध्ये असे एजंट मी पाहिले आहेत. त्यांची कार्यालये लहान आहेत, पण त्यांच्याकडे ग्राहकाच्या मुलाचाही व्यवहार येतो.

त्यांच्याकडे कागद असतो, हेही मी पाहिले आहे. म्हणून आता थेट विनंती.

उद्यम नोंदणी करून घ्या, आणि ती पुढच्या प्रकल्पाचे काम घेण्याआधी करा. व्यवहार झाल्यानंतर केलेल्या नोंदणीच्या आधारावर मागची थकबाकी मागायला गेलात तर दावा डळमळीत होतो. सूक्ष्म-लघु उद्योगांच्या २००६च्या कायद्याने सेवा देणाऱ्यालाही संरक्षण दिले आहे: लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे दिले पाहिजेत. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज, आणि दाद मागायला सुविधा परिषद. निकाल आपल्या बाजूने लागला आणि बिल्डरला त्याला आव्हान द्यायचे असेल तर ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. २०२३च्या वित्त कायद्याने यात आणखी भर घातली. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे बिल मुदतीत दिले नाही तर तो खर्च, प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत, बिल्डरला आयकरात वजा मिळत नाही. त्याच्या सनदी लेखापालाला हे पाठ आहे. आपण बिलावर उद्यम क्रमांक छापतच नाही, तर त्याने आपली आठवण का ठेवावी?

जीएसटी क्रमांक नाही म्हणून मोठ्या फर्ममार्फत बिल लावायचे असेल तर ऐच्छिक नोंदणीचा पर्याय आधी तपासा. तरीही दुसऱ्यामार्फतच जायचे ठरले तर दोघांचे रेरा क्रमांक, हिश्श्याची टक्केवारी आणि पैसे मिळाल्यापासून किती दिवसांत द्यायचे हे एका पानावर लिहून सह्या करा. ग्राहकाला साइटवर नेण्याआधी बिल्डरच्या कार्यालयाला त्याचे नाव आणि तारीख ईमेलने कळवा. फोनवर सांगितलेले टॅगिंग सोर्सिंग मॅनेजर बदलला की त्याच्याबरोबर जाते. अलॉटमेंट लेटर तयार होताना आपला क्रमांक त्यात घालायला सांगा, करारनाम्याचा मसुदा आला की पुन्हा बघा. नकार मिळाला तर तो लेखी मागा.

आणि क्रमांक कोणाला देऊ नका. सख्ख्या भावालाही नको. त्याला परीक्षेला बसवा, हवे तर शुल्क तुम्ही भरा.

ठिकठिकाणच्या संघटनांच्या पदाधिकाऱ्यांना वेगळे सांगतो. वार्षिक स्नेहमेळाव्याला प्रायोजक म्हणून बिल्डर बोलावता, त्याच व्यासपीठावर त्याच्याकडून आपल्या सभासदांच्या थकीत बिलांची यादी वाचून उत्तर घ्या. जो सभासद क्रमांक भाड्याने देतो त्याचे सभासदत्व काढा, मग तो कितीही जुना असो. क्रेडाई आणि नरेडको यांच्याशी बोलणी करताना ब्रोकरेजचा दर वाढवून मागण्याआधी मुदत आणि नेमणूक-पत्र हे दोन विषय मांडा. दर प्रत्येक प्रकल्पाला बदलणारच. मुदत ठरली तर ती सर्वांच्या कामी येईल.

पुढच्या अंकात नेमणूक-पत्राचा आणि दोन एजंटांमधल्या हिस्सा-कराराचा मराठी नमुना छापतो आहोत. ज्यांच्याकडे बिल्डरने सही केलेली पत्रे आहेत त्यांनी नावे झाकून त्यांच्या प्रती या महिन्याच्या २० तारखेपर्यंत आमच्याकडे पाठवाव्यात. रद्द झालेल्या बुकिंगवरची वळती आणि ग्राहकाचा किती हप्ता आल्यावर ब्रोकरेज देय होते, ही दोन कलमे कशी लिहिली आहेत ते आम्हाला मुख्यतः पाहायचे आहे.