उपवासाचा नियम आणि उपवासाचा भाव

व्रताचे महत्त्व श्रद्धाळू हिंदू घराला निराळे सांगावयास नको. एकादशी, संकष्टी, महाशिवरात्र, श्रावणी सोमवार यांनी आपल्या वर्षाचा क्रम बांधलेला आहे. साधारणतः माघ-फाल्गुनाच्या सुमारास आपल्या शेजारच्या कॅथलिक ख्रिस्ती समाजाचाही एक दीर्घ व्रतकाळ सुरू होतो. २०२६ सालचे पंचांग पाहिले, तर महाशिवरात्र १५ फेब्रुवारीस आणि या काळाचा आरंभ करणारा ‘राखेचा बुधवार’ १८ फेब्रुवारीस. येशूने अरण्यात चाळीस दिवस उपोषण केले, त्याच्या स्मरणार्थ हा उपवासकाळ पाळतात. मधले रविवार त्यात मोजीत नाहीत. त्याची सांगता ईस्टरला होते. आणि ईस्टर म्हणजे चर्चच्या गणिताप्रमाणे २१ मार्चला वा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेच्या पुढचा रविवार. चंद्राच्या कलांवर सण ठरविणाऱ्या आपणांस ही रीत परकी वाटू नये.

राखेच्या बुधवारी धर्मगुरू भाविकांच्या कपाळी वा मस्तकी राख लावतात आणि मनुष्यदेह मातीचा असून मातीतच मिळावयाचा आहे याचे स्मरण देतात. गतवर्षी झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेल्या झावळ्या जाळून ही राख केलेली असते. या काळात धर्मगुरूंची वस्त्रे जांभळी असतात, वेदीवर फुलांची आरास नसते, ‘आलेलुया’चा घोष थांबतो आणि मंगलकार्ये टाळली जातात. शुक्रवारी धर्मग्रामातील मंडळी एकत्र येऊन ‘क्रुसाची वाट’ करतात. येशूच्या दुःखभोगातील चौदा प्रसंगांपुढे क्रमाने थांबून प्रार्थना म्हणतात. पापनिवेदन, दानधर्म आणि प्रार्थना ही उपवासाचीच अंगे मानलेली आहेत.

परंतु या व्रताच्या पोटात गेल्या साठ वर्षांत एक मोठे स्थित्यंतर घडले आहे आणि त्याचा विचार कोणाही व्रतस्थाने करण्याजोगा आहे. १९१७ च्या धर्मसंहितेनुसार रविवार वगळता उपवासकाळातील प्रत्येक दिवशी उपवास बंधनकारक होता. १७ फेब्रुवारी १९६६ रोजी पोप सहावे पॉल यांनी हे बंधन पुष्कळच सैल केले. सक्तीचा उपवास राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोन दिवसांपुरता उरला. मांसवर्जनाचा शुक्रवार कायम राहिला, तरी त्याऐवजी अन्य प्रायश्चित्त ठरविण्याची मुभा त्या त्या देशातील बिशपांना मिळाली. हेतू उदात्त होता. पोटाच्या नियमात अडकलेले मन सेवा, दान आणि अंतःकरणाची शुद्धी यांकडे वळावे, अशी ती अपेक्षा होती.

ती कितपत फळास आली? इंग्लंड आणि वेल्सचे उदाहरण बोलके आहे. तेथील बिशपांनी १९८५ मध्ये शुक्रवारचे प्रायश्चित्त कोणते करावे, हे ज्याच्या त्याच्या विवेकावर सोपविले. पुढे त्याच बिशपांना हा निर्णय फिरवावा लागला. १६ सप्टेंबर २०११ पासून शुक्रवारचे मांसवर्जन तेथे पुन्हा सर्वांसाठी लागू झाले. श्रद्धेची काही सामायिक, दृश्य खूण हवी, असे त्यांनी मानले. विख्यात मानववंशशास्त्रज्ञ मेरी डग्लस यांनी हा धोका १९७० मध्येच एका ग्रंथात दाखवून दिला होता. लंडनमधील गरीब आयरिश श्रमिकाला शुक्रवारचे मांसवर्जन हे केवळ आहाराचे बंधन नव्हते. परमुलखात आपण कोण आहोत हे सांगणारी ती निष्ठेची खूण होती. सुशिक्षित सुधारकांना ती पोकळ वाटली, कारण त्या खुणेची भाषा त्यांना उरली नव्हती.

तरीही केवळ नियम पुरेसा नाही, हेही तितकेच खरे. कॅथलिक नियमात मांस वर्ज्य असले, तरी मासळी चालते. मग शुक्रवारी पानात उंची मासळीची मेजवानी मांडली, तर नियम पाळला जातो, पण व्रत कोठे राहते? ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण आपल्याच घरची आहे. साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस आणि बटाट्याचे पापड यांनी भरलेले ताट समोर ठेवून इतरांच्या उपवासास नावे ठेवण्याचा अधिकार आपणांस पोचत नाही.

वसईतील मराठी भाषक कॅथलिक समाजाकडे या दृष्टीने पाहावे. पोर्तुगीज अमदानीत ख्रिस्ती झालेला हा समाज १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावरही आपल्या श्रद्धेसह येथेच नांदला. मराठी वाणीशी ख्रिस्ती भक्तीचे नाते तर त्याहून जुने. इंग्रज जेझुइट धर्मगुरू फादर स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यातील राशोल येथे छापले गेले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लोकभाषेस उपासनेत स्थान दिल्यानंतर लॅटिनच्या जागी वसईच्या वेदीवरूनही मराठी ऐकू येऊ लागली. १९९८ मध्ये वसई हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. आता मुंबईच्या वाढीने तेथील वाड्या-बागा वेगाने इमारतींखाली जात आहेत. लोकलच्या वेळापत्रकावर चालणाऱ्या घराला शुक्रवारची संध्याकाळ क्रुसाच्या वाटेसाठी राखणे कठीण होते. ही अडचण केवळ ख्रिस्ती नाही. प्रदोषाची पूजा दिवेलागणीस करावयाची असते आणि घरची माणसे त्या वेळी गाडीत उभी असतात.

नियम नाहीसा झाला की सामान्य माणसाचा आधार जातो. भाव नाहीसा झाला की नियमाचे ओझे उरते. कॅथलिक धर्मग्रामांनी गेल्या साठ वर्षांत या दोन्ही गोष्टींचा अनुभव घेतला आहे. घरातील पुढच्या पिढीने ‘उपवास कशासाठी?’ असे विचारले, तर तिला गप्प बसविण्यापेक्षा वा उपवासच सोडून देण्यापेक्षा त्याचा अर्थ समजावून देणे आणि वाचलेल्या घासातून भुकेल्यास काही देणे, हा मार्ग दोन्ही घरांस सारखाच मोकळा आहे.